गोठवलेले रक्त, दुर्मीळ रक्तगट आणि आपले रुग्णालय

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेच्या निमित्ताने पाटण येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आपल्या एका हितचिंतक देणगीदारांनी विश्वस्त मंडळापुढे एक सूचना मांडली आहे. रक्त गोठवून वर्षानुवर्षे टिकवता येते, असे त्यांच्या वाचनात आले. डोंगरदऱ्यांनी वेढलेल्या आपल्या तालुक्यात अशी सोय झाली तर रक्तावाचून कोणाचा जीव जाणार नाही, या भावनेने त्यांनी शीतयंत्रासाठी देणगी देण्याची इच्छा व्यक्त केली. निर्णय घेण्यापूर्वी हा विषय सर्वांना समजावून सांगावा, असे अध्यक्षांनी मला सुचवले. सूचनेमागील कळकळ मोलाची आहे. म्हणूनच तिचा विचार नीट, सर्व बाजूंनी व्हायला हवा.

प्रथम नेहमीच्या साठवणुकीविषयी. दात्याचे रक्त पिशवीत घेतले जाते तेव्हा त्या पिशवीत रक्त गोठू न देणारे आणि पेशींना पोषण देणारे द्रावण आधीच भरलेले असते. नंतर तांबड्या पेशी, रक्तद्रव आणि रक्तबिंबिका असे घटक वेगळे केले जातात. तांबड्या पेशी २ ते ६ अंश सेल्सिअस तापमानाला ठेवल्या, तर द्रावणाच्या प्रकारानुसार त्या ३५ किंवा ४२ दिवस वापरता येतात. त्यापुढे नाही. आपल्या शरीरात तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. पिशवीत मात्र तिची ऊर्जा हळूहळू संपते, तिचे आवरण ताठर होते आणि आतील पोटॅशियम बाहेर झिरपू लागते. रक्तपेढीला आपण पेढी म्हणतो खरे, पण या पेढीतली ठेव दीड महिन्यात बुडते. कणगीत भरलेल्या धान्यापेक्षा तिची जात दुधाची आहे. रोज नवे आले पाहिजे आणि वेळेत वापरले गेले पाहिजे.

मग रक्त सरळ बर्फात का ठेवत नाहीत, असा प्रश्न साहजिक आहे. पेशीत आणि पेशीभोवती पाणी असते. ते गोठताना बर्फाचे स्फटिक तयार होतात आणि उरलेल्या पाण्यात क्षारांचे प्रमाण एकाएकी वाढते. या दोन्हींमुळे पेशीचे आवरण फाटते. असे रक्त वितळवले की हाती तांबूस पाणी येते, जिवंत पेशी येत नाहीत. ही अडचण सुटली ती ग्लिसरीनमुळे. १९४९ साली लंडनमध्ये पोल्ज, ऑड्री स्मिथ आणि पार्क्स या शास्त्रज्ञांना असे आढळले की ग्लिसरीन मिसळलेल्या पेशी अतिशीत तापमानालाही जिवंत राहतात. पुढच्याच वर्षी स्मिथ यांनी तांबड्या रक्तपेशींवर हा प्रयोग केला, आणि १९५१ मध्ये मॉलिसन व स्लोव्हिटर यांनी गोठवून वितळवलेल्या पेशी माणसाला देता येतात हे दाखवून दिले.

आज या कामाच्या दोन पद्धती रूढ आहेत. एकीत ग्लिसरीनचे प्रमाण सुमारे ४० टक्के ठेवून पिशवी उणे ८० अंशांच्या शीतयंत्रात सावकाश गोठवतात. दुसरीत प्रमाण सुमारे २० टक्के असते आणि पेशी द्रवरूप नायट्रोजनच्या साहाय्याने फार वेगाने गोठवल्या जातात. त्याचे तापमान उणे १९६ अंश असते. अशा पेशी वापरण्यास साधारणपणे दहा वर्षांची मुदत मान्य आहे. अमेरिकेत उणे ८० अंशांना तब्बल ३७ वर्षांपर्यंत राहिलेल्या पेशींचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला, आणि इतक्या काळानंतरही त्यांतील बहुतांश पेशी शाबूत असल्याचे त्यात दिसून आले. व्हिएतनाम युद्धात अमेरिकी नौदलाने आणि पुढे बोस्निया व अफगाणिस्तानात नेदरलँड्सच्या सैन्याने गोठवलेले रक्त जखमी सैनिकांसाठी वापरले आहे. तेव्हा ही कल्पना पुस्तकी नाही. ती सिद्ध झालेली आहे.

आता दुसरी बाजू. गोठवलेली पिशवी शीतयंत्रातून काढून थेट रुग्णाला लावता येत नाही. ती ३७ अंशांच्या कोमट पाण्यात वितळवावी लागते. त्यानंतर पेशींत शिरलेले ग्लिसरीन काढून टाकावे लागते, कारण ते तसेच राहिले तर रुग्णाच्या रक्तात जाताच पेशी पाणी शोषून फुटतात. त्यासाठी आधी तीव्र आणि मग क्रमाने सौम्य होत जाणाऱ्या क्षारद्रावणांनी पेशी यंत्रावर धुतात. कुशल तंत्रज्ञ हाताशी असला तरी या सर्व कामाला तास-दोन तास लागतात. नेहमीच्या उघड्या पद्धतीने धुतलेली पिशवी पुढे २४ तासांतच वापरावी लागते. बंद यंत्रणेत ही मुदत दोन आठवड्यांपर्यंत वाढते, पण ती यंत्रणा फार महाग आहे. शिवाय धुण्यात पेशी वाया जातात. ८० टक्के पेशी हाती राहिल्या तर काम उत्तम झाले असे मानतात. म्हणजे पाच पिशव्या गोठवल्या तर ऐवज साधारण चार पिशव्यांचाच मिळतो. या कारणांमुळे ए, बी किंवा ओ गटाचे सर्वसाधारण रक्त रोजच्या वापरासाठी सहसा गोठवून ठेवत नाहीत. ताजे रक्त दाते देतातच. गोठवायचे ते दुर्मीळ रक्त. आणि दुर्मीळ रक्ताचा विषय निघाला की आपल्या महाराष्ट्राचे नाव टाळता येत नाही.

१९५२ साली मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. य. म. भेंडे आणि त्यांचे सहकारी डॉ. देशपांडे व डॉ. भाटिया यांनी इंग्लंडमधील तज्ज्ञांच्या साहाय्याने एका वेगळ्याच रक्तगटाची नोंद ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात केली. ए, बी आणि ओ या तिन्ही गटांच्या पेशींवर एच नावाचा एक मूळ पदार्थ असतो. त्यावर साखरेचे आणखी रेणू जोडले गेले की ए किंवा बी गट होतो. ओ गटात तो मूळ पदार्थ तसाच राहतो. या व्यक्तींच्या पेशींवर मात्र हा मूळ पदार्थच नव्हता. भिंत उभारायची, पण पायाच घातलेला नाही, अशी ही स्थिती. हाच पुढे जगभर बॉम्बे रक्तगट म्हणून ओळखला गेला. युरोपात तो दहा लाखांत एखाद्याचा असतो. भारतात सुमारे दहा हजारांत एक असे प्रमाण सांगितले जाते, तर मुंबईत झालेल्या जुन्या पाहणीत ते ७,६०० त एक आढळले होते. देशभरातील नोंदी एकत्र करून पुढे झालेल्या एका संकलनात १७९ व्यक्तींपैकी ११२ महाराष्ट्रातील होत्या. आपल्या सातारा-सांगली भागातही या गटाच्या व्यक्ती आढळल्या आहेत. हा प्रश्न आपल्या घरचा आहे, तो याच अर्थाने.

या गटाची माणसे पूर्णपणे निरोगी असतात. रक्त देण्याघेण्याचा प्रसंग येईपर्यंत त्यांना कशाचाही त्रास नसतो. परंतु त्यांच्या रक्तद्रवात एच पदार्थाविरुद्ध प्रबळ प्रतिपिंडे असतात, त्यामुळे ओ गटाचे रक्तही त्यांना चालत नाही. ते दिले तर दिलेल्या पेशी फुटतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात आणि प्राणावर बेतते. खरा धोका तर याच्याही अलीकडे आहे. काचपट्टीवर केवळ पेशींची तपासणी केली, तर हा गट हुबेहूब ओ दिसतो. फरक लक्षात येतो तो रुग्णाचे रक्तद्रव ओ गटाच्या पेशींशी ताडून पाहिले तर. प्रयोगशाळेत याला रिव्हर्स ग्रुपिंग म्हणतात. ही दुसरी पायरी वगळली, तर दुर्मीळ गटाचा माणूस कागदावर आयुष्यभर ‘ओ पॉझिटिव्ह’ म्हणून वावरतो. त्याने दिलेले अनमोल रक्तही ओ समजून कोणत्याही ओ गटाच्या रुग्णाला दिले जाते, आणि ज्याला त्याची खरी गरज आहे तो राज्यभर शोधत फिरतो.

अशा शोधाची दोन उदाहरणे वर्तमानपत्रांतून आपल्यापुढे आली आहेत. जानेवारी २०१६ मध्ये ढाक्यातील एका तरुण रुग्णासाठी मुंबईतील चार दात्यांनी दिलेले रक्त बांगलादेशात पाठवले गेले. मे २०२४ मध्ये शिर्डीचे एक दाते मोटारीने सुमारे चारशे किलोमीटरचा प्रवास करून इंदूरला गेले आणि तेथील एका महिलेसाठी त्यांनी रक्त दिले. या महिलेला आधी ओ गटाचे रक्त दिले गेले होते आणि त्यानंतर तिची प्रकृती ढासळली होती, असे त्या वेळच्या बातम्यांत म्हटले होते. दात्यांचे औदार्य दोन्ही ठिकाणी वंदनीय आहे. पण दोन्ही रुग्णांच्या हाती काही दिवस होते, हेही ध्यानात घ्यावे. बाळंतपणात रक्तस्राव सुरू झालेल्या स्त्रीच्या हाती इतका वेळ नसतो.

आता आपल्या तालुक्याकडे पाहू. कोयना आणि तिला मिळणाऱ्या ओढ्या-नद्यांची खोरी, डोंगरमाथ्यावरच्या वाड्या, पश्चिमेला कुंभार्ली घाट आणि मोठ्या उपचारांसाठी कऱ्हाड किंवा सातारा, हा आपला भूगोल आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप ज्येष्ठांच्या स्मरणात आहे. जुलै २०२१ मध्ये आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे येथे दरडी कोसळल्या, तेव्हा मदत पोहोचवणे किती अवघड झाले ते आपण सर्वांनी पाहिले. ज्या खोऱ्यातून राज्याला वीज जाते, त्याच खोऱ्यातल्या वाड्यांची वीज पावसाळ्यात दिवसदिवस खंडित होते. अशा ठिकाणी रक्त जवळ असावे ही इच्छा अत्यंत रास्त आहे.

तरीही गोठवलेल्या रक्ताचे शीतयंत्र पाटणला आणावे, असे मी सुचवू शकत नाही. त्यामागचा हिशेब मांडतो. आपल्या तालुक्याची लोकसंख्या सुमारे तीन लाख धरली आणि दहा हजारांत एक हे प्रमाण येथेही लागू आहे असे मानले, तर तालुक्यात बॉम्बे गटाच्या सुमारे तीस व्यक्ती असतील. त्यांतून मुले, वृद्ध, रक्तक्षय असलेल्या स्त्रिया आणि पोटासाठी मुंबईला गेलेले चाकरमानी वजा केले, तर रक्त देऊ शकतील अशा दहा-बारा व्यक्तीही उरणे कठीण. नियमानुसार पुरुषाला ९० दिवसांनी आणि स्त्रीला १२० दिवसांनीच पुन्हा रक्त देता येते. एवढ्या थोड्या पिशव्यांसाठी अहोरात्र चालणारे शीतयंत्र, त्याला पर्यायी वीज, पेशी धुण्याचे यंत्र, दरवेळी लागणारे महागडे संच आणि वर्षातून एखाद्या वेळी वापरायच्या कौशल्याचा सराव टिकवून असलेला तंत्रज्ञ, इतके सर्व सांभाळावे लागेल. एका रात्री वीज गेली आणि जनित्र सुरू झाले नाही, तर दहा वर्षांची साठवण धोक्यात येईल. ही सोय राज्यात एक-दोन मोठ्या केंद्रांतच शोभते. तेथे सर्व जिल्ह्यांचे दुर्मीळ रक्त एकत्र येईल, यंत्र नियमित चालेल आणि वितळवून धुतलेली पिशवी शीतपेटीतून २४ तासांच्या आत कोठेही पोहोचवता येईल. मुंबईहून पाटणला यायला एवढा वेळ पुरेसा आहे.

मात्र त्या केंद्राने पिशवी पाठवावी, यासाठी एक गोष्ट आधी घडायला हवी. आपल्या रुग्णाचा गट बॉम्बे आहे हे आपल्याला ठाऊक असले पाहिजे, आणि तेही रक्तस्राव सुरू होण्यापूर्वी. हे काम मुंबईत होणार नाही. ते इथेच व्हायला हवे. देणगीचा खरा उपयोग येथे आहे, असे माझे नम्र मत आहे. त्यासाठी पुढील कामे मी सुचवतो.

पहिले, आपल्या प्रयोगशाळेत प्रत्येक रुग्णाची रक्तगट तपासणी दोन्ही अंगांनी व्हावी. पेशींची व्हावी, तशीच रक्तद्रवाचीही व्हावी, आणि त्यात ओ गटाच्या पेशी अवश्य असाव्यात. याला लागणारी सामग्री शीतयंत्राच्या तुलनेत अगदी स्वस्त आहे. दोन्ही निकाल जुळले नाहीत तर अहवाल देण्याची घाई न करता नमुना मुंबईच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेकडे पाठवावा. १९५७ साली रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून सुरू झालेली ही संस्था परळच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारात आहे. रक्त देण्यापूर्वीची क्रॉसमॅच चाचणी तर कितीही घाई असली तरी टाळू नये.

दुसरे, गरोदर स्त्रीची ही तपासणी पहिल्याच भेटीत व्हावी, आणि त्याच दिवशी हिमोग्लोबिनही पाहावे. लोहाच्या गोळ्या वेळेवर सुरू झाल्या आणि नववा महिना लागेपर्यंत हिमोग्लोबिन चांगले राहिले, तर अनेक बाळंतपणांत रक्त देण्याची वेळच येत नाही. दुर्मीळ गटाच्या स्त्रीच्या बाबतीत हे अधिकच महत्त्वाचे आहे. तिचे बाळंतपण कोठे करायचे, दाता कोण आणि तो किती दूर आहे, हे सर्व दोन महिने आधी ठरलेले असावे.

तिसरे, असा रुग्ण आढळला की त्याच्या सख्ख्या भावंडांची तपासणी विनामूल्य करावी. हा गट आई आणि वडील अशा दोघांकडून आलेल्या गुणामुळे होतो, म्हणून प्रत्येक सख्ख्या भावंडात तो असण्याची शक्यता चारात एक असते. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल आहे. नात्यातल्या अशा लग्नांमुळे काही घराण्यांत हा गट पुन्हा पुन्हा दिसतो. यात दोष किंवा कमीपणा मानण्याचे काहीही कारण नाही. उलट, संकटात उपयोगी पडणारा दाता बहुधा त्याच घरात सापडतो.

चौथे, ज्याची शस्त्रक्रिया आधी ठरवता येते अशा दुर्मीळ गटाच्या रुग्णाने स्वतःचेच रक्त आधीच्या काही आठवड्यांत साठवून ठेवावे. प्रकृती परवानगी देत असेल तर साध्या शीतकपाटातही ते महिनाभर टिकते. गोठवण्याची सोय असलेल्या केंद्रात गेल्यास ते वर्षानुवर्षे त्याच्या नावे राहू शकते. आज भारतात अशी सोय मोजक्याच ठिकाणी आहे.

पाचवे, आपल्या साध्या रक्तसाठ्याला बळकटी द्यावी. केंद्र सरकारच्या औषध नियमांनुसार वर्षाला २,००० पिशव्यांपर्यंत रक्त वापरणाऱ्या रुग्णालयाला अन्न व औषध प्रशासनाच्या मान्यतेने आणि परवानाधारक रक्तपेढीशी जोडून घेऊन साठवणूक केंद्र चालवता येते. त्यासाठी तापमानाची नोंद ठेवणारे व बिघाड होताच घंटा वाजवणारे शीतकपाट, भरवशाचे जनित्र आणि वाहतुकीच्या शीतपेट्या या तीन गोष्टी पावसाळ्यापूर्वी सज्ज असाव्यात. दर शंभर रुग्णांतील नव्व्याण्णवांचा जीव वाचतो तो या साध्या, ताज्या रक्ताने. राज्य शासनाने काही वर्षे चालवलेली ‘जीवन अमृत’ योजना, जिच्यात रक्त दुचाकीवरून शीतपेटीतून रुग्णालयात पोहोचवले जाई, प्रथम प्रायोगिक तत्त्वावर आपल्या सातारा जिल्ह्यात आणि सिंधुदुर्गात राबवली गेली होती. तेव्हा रक्त वेळेत पोहोचवण्याचे काम आपल्या जिल्ह्याला नवीन नाही.

सहावे, दुर्मीळ गटाच्या दात्यांसाठी एक छोटा प्रवासनिधी असावा. दाता रक्ताचे पैसे घेत नाही आणि घेऊ नये, परंतु रात्री-अपरात्री कऱ्हाड किंवा पुण्याला जाण्याचा खर्च आणि बुडालेला रोज त्याच्या अंगावर पडू नये. या दात्यांची नावे आपल्या नोंदवहीत गुप्त राहावीत. त्यांच्या संमतीने ती देशपातळीवरील दुर्मीळ रक्तदात्यांच्या नोंदवहीत जावीत, पण रुग्णालयाच्या फलकावर किंवा भ्रमणध्वनीवरच्या संदेशांत कधीही झळकू नयेत. ज्याचे रक्त दुर्मीळ आहे त्यालाही नकार देण्याचा अधिकार आहे. आज त्याने सर्व रक्त दुसऱ्याला दिले आणि उद्या त्यालाच अपघात झाला, तर त्याच्यासाठी कोण आहे, हा विचार आपणच करायला हवा.

रुग्णांच्या नातेवाइकांना एक विनंती. रक्तगटाचा अहवाल जपून ठेवा. ‘गट पुन्हा तपासावा लागेल’ असे तंत्रज्ञाने सांगितले तर रागावू नका, कारण तो वेळ रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी लागतो. आणि आपल्या घरी कोणाला पूर्वी रक्त देताना थंडी वाजून ताप आला असेल, कावीळ झाली असेल किंवा लघवी लालसर झाली असेल, तर ती गोष्ट न विसरता डॉक्टरांना सांगा.

देणगीदार महोदयांना मी आदरपूर्वक सांगू इच्छितो की त्यांची देणगी या सहा कामांसाठी स्वीकारली जावी, अशी शिफारस मी विश्वस्त मंडळाकडे केली आहे. गोठवलेल्या रक्ताची सोय राज्यातील एखाद्या मोठ्या सार्वजनिक केंद्रात व्हावी म्हणून आपल्यासारख्या लहान रुग्णालयांनी एकत्र येऊन मागणी करावी, हेही मी सुचवले आहे. ती सोय होईल तेव्हा तेथे पाठवण्यासाठी आपल्या तालुक्यातले दाते आपल्याला माहीत असले पाहिजेत. त्याची सुरुवात म्हणून पुढच्या सोमवारपासून आपल्या प्रयोगशाळेत रिव्हर्स ग्रुपिंग प्रत्येक रुग्णासाठी सुरू करावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.